गोदाकाठच्या गळवाल्यांसाठी: सामायिक बोटीवरून ट्यूना कसा काढायचा

नाथसागर, येलदरी किंवा विष्णुपुरीच्या काठावर गळ टाकून कटला-रोहू काढणाऱ्या माणसाला समुद्रातल्या ट्यूनाची ओढ लागली, तर आपल्या भागात त्याला नीट सांगणारं कुणी भेटत नाही. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही. पण आता आपल्याकडची कितीतरी पोरं-पोरी कॅलिफोर्नियात नोकरीला आहेत, आईवडील काही महिने तिकडे जाऊन राहतात, आणि सॅन डिएगोच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या ट्यूनाच्या बोटीवर तिकीट काढून कुणालाही चढता येतं. वीस-तीस अनोळखी माणसं, एकच कठडा आणि खाली ट्यूनाचा थवा. हा लेख अशा बोटीवर पहिल्यांदा जाणाऱ्या मराठवाड्यातल्या गळवाल्यासाठी आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ट्यूना मनगटाच्या जोरावर निघत नाही. पक्की गाठ, मोजून लावलेला ड्रॅग (किती ओढीला रीलने दोरा सोडायचा तो ताण) आणि शेजाऱ्यांना सांभाळत कठड्याकडेने टाकलेली पावलं, या तीन गोष्टींवर तो निघतो. तिन्हींचा सराव पैठणच्या किंवा परभणीच्या घरी बसून करता येतो. म्हणून तयारीवर मी जास्त लिहिणार आहे.

कोणती बोट, कोणता मोसम

सॅन डिएगोच्या पॉइंट लोमा भागात एच अँड एम, फिशरमन्स लँडिंग, पॉइंट लोमा स्पोर्टफिशिंग असे धक्के शेजारी-शेजारी आहेत. तिथून एका रात्रीच्या, दीड दिवसाच्या, दोन-तीन दिवसांच्या आणि थेट दोन आठवड्यांच्या फेऱ्या निघतात. पहिल्या वेळेस दीड दिवसाची फेरी घ्या. बोट संध्याकाळी किंवा रात्री सुटते, तुम्ही झोपेत असताना ट्यूनाच्या पाण्यात पोचते आणि पूर्ण दिवस मासेमारीला मिळतो. अर्ध्या दिवसाच्या बोटी किनाऱ्याजवळच फिरतात, त्यांच्यावर ट्यूनाची आशा धरू नका.

पिवळ्या पराचा यलोफिन ट्यूना तिथे पाणी कोमट झालं की, म्हणजे साधारण जुलै ते ऑक्टोबरमध्ये मिळतो. ब्लूफिन वसंतापासूनच दिसू लागतो, पण तो अंगाने फार मोठा असू शकतो आणि त्याला वेगळं, जड सामान लागतं. नवख्याने यलोफिनच्या मोसमात जावं. दीड दिवसाच्या फेरीत मिळणारे बरेचसे यलोफिन पाच ते पंधरा किलोंच्या घरात असतात. शिकायला एवढं वजन भरपूर आहे. तसा हा मासा खूप वाढतो. गळावर काढलेल्या यलोफिनचा जागतिक विक्रम 427 पौंडांचा, म्हणजे सुमारे 194 किलोंचा आहे. तो 2012 साली मेक्सिकोच्या काबो सान लुकासजवळ काढला गेला.

कागदपत्रांचं आधी बघा. सोळा आणि त्याहून जास्त वयाच्या प्रत्येकाला कॅलिफोर्नियाचा मासेमारी परवाना लागतो, तो ऑनलाइन किंवा धक्क्यावरच्या कार्यालयात मिळतो. अनेक बोटी मेक्सिकोच्या हद्दीत जातात, तिथे पासपोर्ट आणि वेगळा परवाना लागतो. आपण भारतीय पासपोर्टवर, पर्यटक व्हिसावर गेलेलो असतो. त्यामुळे तिकीट काढण्याआधी धक्क्यावर फोन करून सरळ विचारा की बोट मेक्सिकोच्या पाण्यात जाणार आहे का आणि आमच्या व्हिसावर ते चालेल का. उत्तरात जराही गोंधळ वाटला, तर अमेरिकेच्याच पाण्यात राहणारी फेरी निवडा. मासे किती ठेवता येतील याची मर्यादाही दोन्ही देशांत वेगळी आहे. ती सुटण्याआधी खलाशी सांगतात, तेव्हा लक्ष देऊन ऐका.

अमेरिकेला जाणं नसेल, तर आपल्या किनाऱ्यावरही ट्यूना आहे. कोकणातले कोळी त्याला जातीप्रमाणे कुपा किंवा गेदर म्हणतात. मालवण-रत्नागिरीकडे मात्र तिकिटाची मोठी बोट नसते. तीन-चार जणांनी मिळून छोटी बोट ठरवायची. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, हे धरूनच बेत करा. अंदमानलाही चार-पाच जणांच्या खास बोटी मिळतात. पुढे सांगितलेलं मासा लढवण्याचं तंत्र तिथेही तसंच लागू पडतं.

निघण्याआधी, घरी

बोटीसाठी रॉड-रील विकत घेऊ नका, घरच्या सरावाला आपलं जुनं किंवा मागून आणलेलं चालेल. धक्क्यावर ते भाड्याने मिळतं, आणि त्या पाण्याला नेमकं काय लागतं हे तिथल्या लोकांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. भाड्याने घेताना मागायचं ते असं: तीस ते चाळीस पौंडांचा रॉड, दोन गिअरचं लिव्हर ड्रॅगचं रील, आत 65 पौंडांचा विणलेला ब्रेड दोरा, आणि पुढे वावभर फ्लोरोकार्बनचा लीडर. फ्लोरोकार्बन पाण्यात कमी दिसतो. ट्यूनाची नजर फार तीक्ष्ण असते, म्हणून हा शेवटचा तुकडा महत्त्वाचा. आपली नेहमीची तंगूस इथे लीडर म्हणून लावू नका.

सराव पहिला, गाठ. हुकाला बांधायची सॅन डिएगो जॅम गाठ आणि ब्रेडला लीडर जोडायची डबल युनी गाठ, या दोनच शिका, पण पक्क्या शिका. घरी रोज संध्याकाळी चार-पाच गाठी बांधायच्या, आवळण्याआधी थुंकीने ओल्या करायच्या आणि पक्कड लावून ताणून बघायच्या. बोट हलत असताना, हात माशाच्या पाण्याने बुळबुळीत झालेले असताना आणि शेजारी चौघांना मासे लागलेले असताना गाठ बांधता आली पाहिजे. मुद्दाम अंधारात बांधून पाहा.

सराव दुसरा, ड्रॅग. इथेच बहुतेक मासे सुटतात. दोरा तुटण्याआधी रीलने तो सोडला पाहिजे, आणि किती ओढीला सोडायचा हे ड्रॅग ठरवतो. सर्वसाधारण नियम असा की सगळ्यात कमजोर दोऱ्याच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यावर ड्रॅग लावायचा. लीडर चाळीस पौंडांचा असेल तर ड्रॅग दहा ते तेरा पौंड, म्हणजे साडेचार ते सहा किलो. भुसाराच्या दुकानात टांगलेला असतो तसला स्प्रिंगचा काटा घ्या, दाराच्या कडीला अडकवा, दोरा त्याला बांधून रॉड वाकवा आणि पाच किलोला रील दोरा सोडू लागेल असं लावा. मग काटा काढून तीच ओढ नुसत्या हाताने अनुभवा. बोटीवर काटा नसतो. तिथे हाताला ओळख लागते.

सराव तिसरा माझ्या आवडीचा. पाच लिटरच्या कॅनमध्ये पाणी भरा, म्हणजे पाच किलो झाले. माळवदावर किंवा गच्चीवर उभं राहून रॉडने तो कॅन जमिनीवरून वर घ्या. नवखा माणूस रॉड थेट डोक्यावर नेतो आणि मग खाली आणताना दोरा ढिला पडतो. रॉड जेमतेम वीतभर उचला, खाली येताना अर्धा-एक फेरा गुंडाळा, पुन्हा वीतभर. दोरा क्षणभरही ढिला पडू द्यायचा नाही. कॅन वर येईपर्यंत दंड भरून येतात. तसं झालं तर समजा की ताकद चुकीच्या जागी लागते आहे: वजन पायांवर आणि कमरेवर घ्या, कोपर अंगाला चिकटलेलं ठेवा.

ज्यांचं रान जवळ आहे त्यांनी ज्वारी काढल्यावरच्या मोकळ्या वावरात आणखी एक करावं. पोराच्या हातात दोऱ्याचं टोक द्या आणि त्याला पळायला सांगा, कधी सरळ, कधी आडवं. तो जिकडे पळेल तिकडे तोंड करून तुम्ही चालत जायचं, दोरा कायम नाकासमोर राहिला पाहिजे. पोराला हातमोजे घाला आणि ब्रेड हाताला गुंडाळू देऊ नका, तो बोट कापतो. बोटीवरही हाच नियम: ब्रेडचा वेढा हाताभोवती कधीच घ्यायचा नाही.

नाथसागरावर सराव करायचा असेल तर एक लक्षात ठेवा. तो पक्षी अभयारण्याचा भाग आहे आणि तिथल्या मासेमारीवर मच्छीमार संस्थांचे हक्क आहेत. विचारून, परवानगी घेऊनच गळ टाका. भोई समाजातल्या जुन्या माणसाशेजारी एक सकाळ बसायला मिळाली, तर मोठा कटला तो किती सावकाश दमवतो ते बघून घ्या.

बोट लागू नये म्हणून

एसटीत कधी गाडी लागली नाही म्हणजे समुद्रात बोट लागणार नाही, असं समजू नका. धरणाचं पाणी आणि मोकळ्या पॅसिफिकचा हेलकावा यांचा काही संबंध नाही. गोळी डॉक्टरांना विचारून ठरवा, विशेषतः रक्तदाब, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर. गोळी उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. ती आदल्या रात्री आणि पुन्हा बोट सुटण्याच्या आधी घ्यायची असते. आदल्या दिवशी तर्रीचं जेवण नको, पोट अगदी रिकामंही नको. बरोबर दशम्या किंवा कोरडे धपाटे ठेवा, थोडं थोडं खात राहा. मळमळू लागलं तर बोटीच्या मधल्या-मागच्या भागात उभं राहून क्षितिजाकडे बघा. खाली केबिनमध्ये मोबाइल बघत बसलात की संपलं.

आणि स्वेटर घ्या. ऑगस्टमध्येही पहाटेच्या समुद्रावर वारा बोचतो, आपल्याला तिथला उन्हाळा म्हणजे बीड-लातूरचा उन्हाळा वाटतो. पायात न घसरणारे रबरी बूट, डोक्याला टोपी, डोळ्यांना गॉगल. चपला-सॅन्डल घालू नका, डेकवर हुक पडलेले असतात.

बोटीवर पहिले काही तास

चढताना तुम्हाला एक क्रमांक मिळतो. तुमचा मासा वर आला की खलाशी त्याच्यावर हाच क्रमांक लावतात, म्हणून तो पाठ ठेवा. सुटल्यावर बोट बंदरातच जिवंत सार्डिन मासळी टाकीत भरून घेते. मग झोपून घ्या. पहाटेला तुम्ही ताजेतवाने हवेत.

खलाशांना पहिल्याच भेटीत सांगा की मी पहिल्यांदा आलो आहे. हे सांगण्यात काहीच कमीपणा नाही. उलट मासा लागल्यावर कुणाजवळ धावायचं हे त्यांना कळतं. इंग्रजी अडखळतं असेल तर दोन शब्द पुरतात: ‘फर्स्ट टाइम’.

सकाळी बोट मागे चार-पाच दोऱ्यांना नकली आमिषं बांधून ओढत चालते. या दोऱ्यांवर पाळीपाळीने माणसं उभी करतात. पाळी चुकवू नका. एखाद्या दोऱ्याला मासा लागला की आरोळी होते, कॅप्टन इंजिन मंद करतो आणि खलाशी जिवंत मासळी पाण्यात फेकून थवा बोटीजवळ धरून ठेवतात. त्या वेळी तुमचा हुक बांधलेला आणि रॉड हाताशी पाहिजे. गाठ तेव्हा बांधायला घेतली तर थवा निघून गेलेला असतो.

आमिष: सगळ्यात जास्त मासे इथे ठरतात

बोटीवरची बहुतेक माणसं टाकीत हात घालून मिळेल ती सार्डिन उचलतात. तसं करू नका. नाक लाल झालेली, खवले गेलेली, तळाशी सुस्त पोहणारी मासळी सोडून द्या. पाठ हिरवट, खवले शाबूत आणि हाताबाहेर निसटायला बघणारी मासळी घ्या. हात ओला करून घ्या, आवळू नका, आणि नाकपुडीच्या आडवा बारीक सर्कल हुक (टोक आत वळलेला हुक) घाला. ओढ कमी असेल आणि मासळीने खोल जावं असं वाटत असेल तर हुक पोटाखालच्या पराजवळ लावतात, पण सुरुवातीला नाकच बरं.

थांबलेली बोट वाऱ्याने सरकत असते. वारा ज्या बाजूने तुमच्या तोंडावर येतो त्या बाजूला उभे राहा, म्हणजे दोरा बोटीपासून दूर जातो. उलट बाजूला उभे राहिलात तर दोरा बोटीच्या खाली जाईल. सार्डिन हळूच पाण्यात सोडा, रील मोकळं ठेवा आणि स्पूलवर, म्हणजे रीलमधल्या दोरा गुंडाळलेल्या चकरीवर, अंगठा अलगद टेकवा, इतका अलगद की मासळीला ओढ जाणवू नये. ती पळत दूर गेली तर उत्तम. जागेवरच घुटमळत राहिली, तर मिनिटभरात गुंडाळून दुसरी लावा. आमिष बदलायला आळस करणारा माणूस दिवसभर दुसऱ्यांचे मासे बघतो.

ट्यूनाने घेतलं की सार्डिनच्या धडपडीऐवजी दोरा एकदम सरसर जाऊ लागतो. इथे हात झटकू नका. आपल्याकडे बुडी गेली की झटका मारायची सवय असते, सर्कल हुकला झटका दिला तर तो तोंडातून निसटून येतो. रॉडचं टोक माशाकडे ठेवा, मनात तीन-चार मोजा, ड्रॅगचा लिव्हर ठरवलेल्या जागी सरकवा आणि सलग गुंडाळत जा. रॉड आपोआप वाकेल. हुक जबड्याच्या कोपऱ्यात बसलेला असतो.

पहिली धाव आणि कठड्यावरची माणसं

ट्यूनाला श्वासासाठी सतत पोहावं लागतं, थांबला तर कल्ल्यांतून पाणी फिरत नाही. त्याचे पोहण्याचे स्नायू भोवतालच्या पाण्यापेक्षा गरम राहतात, म्हणून तो थंड पाण्यातही जोर धरतो. पहिल्या धावेला दोरा जाऊ द्या. गुंडाळू नका, स्पूलवर अंगठा दाबू नका, घाबरून ड्रॅग वाढवू नका. मासा दोरा घेऊन जातो, त्यातच तो दमतो.

याच वेळी तुमचे पाय चालू झाले पाहिजेत. मासा उजवीकडे गेला तर तुम्ही उजवीकडे. दोरा कायम छातीसमोर सरळ, तिरका झाला की शेजाऱ्याच्या दोऱ्यात गुंतलाच. वाटेत उभ्या माणसांना ओलांडताना दोन रस्ते असतात: तुमचा मासा पृष्ठभागाजवळ दूर असेल तर रॉड त्यांच्या वरून न्यायचा, खोल असेल तर त्यांच्या रॉडखालून. खलाशी ‘ओव्हर’ किंवा ‘अंडर’ ओरडतो. तो सांगेल ते लगेच करा. तुम्ही वाटेत उभे असाल आणि दुसऱ्याला मासा लागला असेल, तर मागे सरका, वाट द्या. दोरे गुंतलेच तर ज्याला मासा नाही त्याने आपला दोरा ढिला सोडायचा. खलाशाने कात्री लावली तर वाद घालू नका. माशाचा दोरा वाचवण्यासाठी दुसऱ्याचा दोरा तोडणं, ही तिथली रीत आहे आणि उद्या ती तुमच्याही कामी येते.

दीड दिवसाच्या फेरीत या गर्दीतून शिकायला मिळतं ते एकट्याच्या बोटीवर मिळत नाही. वयस्कर, रोज येणारी माणसं बघा. ती कधी पळत नाहीत, पण कायम माशासमोर असतात.

बोटीखालची चक्कर

धाव संपली की मासा खोल जातो आणि बोटीखाली गोल फिरू लागतो, खळ्यात तिवड्याभोवती पात फिरावी तसा. ही सगळ्यात लांब आणि कंटाळवाणी पायरी असते आणि इथेच माणसं धीर सोडतात. वर्तुळाचा अर्धा भाग मासा तुमच्याकडे येतो, अर्धा भाग लांब जातो. येतो तेव्हा गुंडाळा, जातो तेव्हा फक्त धरून ठेवा. रॉडचं टोक हलताना बघितलं की कोणता अर्धा चालू आहे ते कळतं. प्रत्येक फेरीला चार-सहा फूट मिळाले तरी पुरे. रीलचा कमी वेगाचा गिअर इथे टाका, आणि गच्चीवरचा वीतभर उचलायचा सराव इथे वापरा. रॉड उभा करू नका. टोक खूप वर गेलं की रॉड मोडू शकतो.

मासा अडकून राहिला, एक इंचही येत नाही असं झालं, तर खलाशाला सांगा. कॅप्टन बोट थोडी पुढे घेतो, कोन बदलतो आणि वर्तुळ मोडतं. मोठ्या माशावर हात भरून आले तर रॉड कठड्यावर टेकवून लढवता येतो. ते कसं करायचं हे खलाशाकडून आधीच बघून ठेवा.

पाण्यात चांदीसारखी चमक दिसली की ‘कलर’ असं ओरडायचं. याचा अर्थ मासा दिसला, गॅफ (मासा वर घ्यायचा लांब दांड्याचा आकडा) आणा. या क्षणी उतावीळ होऊन ओढू नका. बोट दिसली की ट्यूना हमखास आणखी एक धाव घेतो, आणि घट्ट ड्रॅगवर दोरा तिथेच तुटतो. डोकं वर, तोंड तुमच्याकडे, दोरा ताणलेला, इतकंच तुमचं काम. गॅफ खलाशी मारेल, शक्यतो डोक्यात. गॅफ बसला की रील मोकळं करा आणि स्पूलवर अंगठा ठेवा. मासा गॅफवरून निसटला तर तो दोरा घेऊन जाईल, झटक्याने तोडणार नाही.

वर आल्यावर

इथे घाई करायचीच असते. मासा लगेच मारून, कल्ल्यांजवळ आणि छातीच्या परामागे चिरा देऊन त्याचं रक्त काढतात, मग त्याला थंड समुद्रपाण्याच्या टाकीत किंवा बर्फात ठेवतात. लढताना ट्यूनाचं अंग तापलेलं असतं. तो गरम राहिला तर मांस फिकट आणि आंबूस होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे त्यात हिस्टामिन तयार होतं. हिस्टामिनने चेहरा लाल होणं, डोकं दुखणं, पुरळ येणं, उलट्या असा त्रास होतो आणि ते शिजवल्याने जात नाही. म्हणून धक्क्यावरून मुलाच्या घरी नेताना बर्फाची मोठी पेटी गाडीत तयार ठेवा. हेच आपल्या बाजारात ट्यूना विकत घेतानाही पाळा: बर्फाबाहेर ठेवलेला कुपा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका.

मासा साफ करून, चार लांब पट्ट्या काढून द्यायचं काम परतीच्या वाटेवर खलाशी करतात, त्याचे वेगळे पैसे असतात. उतरताना खलाशांसाठी तिकिटाच्या पंधरा ते वीस टक्के बक्षिसी द्यायची पद्धत आहे. ही रक्कम जायच्या आधीच खर्चात धरा. या माणसांची कमाई तिच्यावर चालते आणि दिवसभर गुंतलेले दोरे तेच सोडवत असतात.

चुलीवर

ट्यूना कटल्यासारखा रश्श्यात उकळत ठेवला तर चोथा होतो. काळ्या मसाल्याची किंवा येसराची आमटी आधी पूर्ण शिजवून घ्या, आच बंद करायच्या तीन-चार मिनिटं आधी तुकडे सोडा आणि झाकण ठेवा. किंवा हळद, मीठ, लसूण, लाल तिखट लावून तापलेल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजा आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर खा. मांसातली गडद लाल पट्टी उग्र लागते, ती काढून टाका. मोठ्या ट्यूनात पारा जास्त साठतो, त्यामुळे गरोदर बायकांना आणि लहान पोरांना तो वारंवार देऊ नका. उरलेले तुकडे हवा काढून, एका जेवणापुरते बांधून फ्रीजरमध्ये ठेवा, आणि गोठलेला तुकडा ओट्यावर न ठेवता रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून सुटू द्या.